बडोदा : शाळेचं ग्रंथालय सोळा महिन्यांनी उघडतंय. पुस्तकांना क्वारंटाइन करायचं का?

कपाटाची_किल्ली | २८ जुलै २०२१, रात्री १०.४०

मंडळी, बडोद्यातल्या एका जुन्या हायस्कुलात मी ग्रंथपाल आहे. शाळा मराठी लोकांनी काढलेली, आता माध्यम गुजराती. पण माझ्या सहा हजार पुस्तकांतली दीडेक हजार अजून मराठी आहेत, दारातून आत आलं की उजवीकडच्या चार कपाटांत.

बारावी १५ तारखेपासून येतेय, नववी ते अकरावी या सोमवारपासून. निम्मी हजेरी, पालकांचं संमतीपत्र, मास्क, सगळं परिपत्रकाप्रमाणे. ग्रंथालयाबद्दल कुणी चकार शब्द काढेना, म्हणून काल मीच किल्ली घेऊन गेले. फेब्रुवारीत थोडे दिवस वर्ग भरले होते तेव्हाही ही खोली बंदच होती. म्हणजे मार्च २०२० नंतर काल पहिल्यांदा.

दार उघडल्याबरोबर वास आला. भिजून तसंच पडलेलं गोणपाट असतं ना, तसा. तिसऱ्या कपाटामागच्या भिंतीत पाणी झिरपलंय. खालच्या दोन खणांतल्या पुठ्ठ्यांवर पांढरी-हिरवट लव आलीय. शब्दकोशाचा एक खंड ओढला तर शेजारच्या खंडाला चिकटून दोघं मिळूनच बाहेर आले. खिडकीत कबुतरांनी संसार थाटलाय तो वेगळाच.

आज मीटिंग झाली. ठरलं ते असं : परत आलेलं प्रत्येक पुस्तक सात दिवस पेटीत बंद ठेवायचं. एका ट्रस्टींनी यूव्हीची (अतिनील किरणांची) पेटी भेट दिलीय, त्यातून काढल्याशिवाय पुस्तक कपाटात जायचं नाही. आणि येत्या शनिवारी साफसफाईवाले येऊन सगळ्या खोलीत, कपाटं उघडून, हायपोक्लोराइट फवारणार. बुरशीचं मी सांगितलं तर एक सभासद म्हणाले, मग मराठी विभाग पस्तीतच (रद्दीत) देऊन टाका ना, तसंही आता कोण वाचतं.

मी गप्प बसले, कारण उत्तर ठाऊक नव्हतं. इथे जाणकार आहेत. शनिवारच्या आत सांगा.

---

तिरकस | २८ जुलै, रात्री ११.०२

सातच दिवस? पुस्तकाला खोकला असेल तर चौदा करा. आणि डिस्चार्ज देताना टाळ्या वाजवायला विसरू नका. हलकंच घ्या.

फवारणी मात्र खरंच थांबवा. का ते कागदवैद्य सांगतील, ते येईपर्यंत मी जागा धरून ठेवतो.

---

कागदवैद्य | २८ जुलै, रात्री ११.४८

आलो. (हस्तलिखितं दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली, हे नवीन लोकांसाठी.)

ताई, उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे आचार्यांना (मुख्याध्यापकांना) गाठून शनिवारची फवारणी रद्द करून घेणं. हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच. ते कागदाचे तंतू तोडतं, शाई उडवतं. आज काही दिसणार नाही, वर्षा-दोन वर्षांत पानं पिवळी पडून कडेनं मोडायला लागतील. वर ओल. म्हणजे जी बुरशी एका कपाटात आहे तिला चारही कपाटांत पोचवायचा खर्च शाळा स्वतः करणार. फरशीला पोछा मारायला वापरा, दाराच्या कडीला वापरा, संडासात वापरा. कागदाजवळ नको. डब्ल्यूएचओनंही मे २०२० मध्येच सांगितलंय की बंद खोलीत अशी सरसकट फवारणी करू नये.

सॅनिटायझरही पुस्तकाला नको. स्पिरिटनं शाई फुटते, लॅमिनेशन चिकट होतं. मुलांनी सॅनिटायझर चोळून ओल्या हातानं पान उलटलं तरी डाग पडतो. त्यापेक्षा दाराबाहेर नळ, साबण, आणि हात कोरडे करून आत.

यूव्हीचं म्हणाल तर तो प्रकाश आहे, प्रकाश पडेल तिथेच काम करतो. पुठ्ठ्यावर पडला, तीनशे पानं अंधारातच. आणि वारंवार दिला तर कागद आणि रंग उडवायचं काम मात्र चोख करतो.

आता बुरशी. बंद खोलीत दमटपणा ६५ टक्क्यांवर टिकला की ती येणारच, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात तो ८० च्या वर असतो. कोरड्या मऊ ब्रशानं लव हलकेच हलवून बघा. भुकटीसारखी सुटली तर ती झोपलेली आहे. चिकट होऊन फासली गेली तर जिवंत आहे. तिला ब्रश लावायचा नाही, आधी ते पुस्तक पंख्याखाली, सावलीत, उभं, पानं पंख्यासारखी उघडून वाळवायचं. उन्हात नको, पुठ्ठे वाकतात. आर्टपेपरची पानं चिकटली असतील तर ओढू नका, माझ्याकडे पाठवा.

झाडणारानं एन-९५, हातमोजे, चष्मा घालावा आणि काम खोलीत न करता व्हरांड्यात, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून करावं. चांगली पुस्तकं आधी दुसऱ्या खोलीत हलवा. कबुतरांची घाण कोरडी झाडायची नाही, आधी पाणी शिंपडून ओली करून मग उचला. ती धूळ छातीला वाईट.

---

दांडियाबाजारी | २९ जुलै, सकाळी ७.१५

पस्ती म्हणणारे गृहस्थ कोण ते मी विचारत नाही ने. पण त्यांना माझा एक निरोप द्या : पस्तीवाला ओली पुस्तकं घेत नाही.

कपाटांच्या पाठी पाहा, उधई, म्हणजे वाळवी, आहे का. भिंतीवरून मातीची रेघ चढलेली दिसली की समजायचं.

---

नववी_अ_ची_आई | २९ जुलै, सकाळी ९.३०

माझं म्हणणं कुणाला मागास वाटेल, वाटू दे. आमच्या घरातलं एक माणूस एप्रिलमध्ये गेलं. मे महिन्यात शेजारच्या काकांना काळी बुरशी झाली, डोळा काढावा लागला. त्यामुळे 'बुरशी लागलेली पुस्तकं ब्रशानं झाडा' हे वाचून मला कसंतरीच झालं. माझी मुलगी त्या खोलीत जाणार. मुलांना लस नाही. शंभर हातांतून गेलेलं पुस्तक ती घरी आणणार, उशाशी घेऊन झोपणार. एक वर्ष पुस्तकं नाही वाचली तर काय आभाळ कोसळतं? मी संमतीपत्रावर अजून सही केलेली नाही.

---

छातीचा_डॉक्टर | २९ जुलै, दुपारी २.१०

ताई, यात मागास काही नाही. एप्रिल-मे आम्हीही पाहिलाय, रोजचा.

आधी काळी बुरशी, कारण तीच मनात बसलीय. म्युकरमायकोसिसमध्ये काळं दिसतं ते बुरशीचा रंग म्हणून नाही, तर रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून. त्या जातीची बुरशी मातीत, सडक्या पाल्यात सगळीकडे असते आणि आपण ती रोज श्वासातून घेतो. ती उलटते ती साखर अतोनात वाढलेल्या, भरपूर स्टिरॉइड घेतलेल्या, प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसावर. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे मधुमेह, कोविड आणि स्टिरॉइड एकाच अंगात जमले, म्हणून वॉर्ड भरले. पुस्तकांवरची लव बहुतेक वेळा वेगळ्या जातींची असते. दमेकऱ्याला, ॲलर्जीवाल्याला तिचा नक्की त्रास होतो, म्हणून सफाई संपेपर्यंत कोणत्याच मुलाला आत सोडू नये, मदतीलाही नाही. पण पुस्तकावरून डोळ्यात गेली, असं होत नाही.

आता शंभर हात. सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, प्रयोगशाळेत प्लास्टिकवर ७२ तास आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत विषाणू सापडला आणि आपण सगळे भाजी धुवायला लागलो. मीही दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्यात. नंतर अमेरिकेत खास ग्रंथालयांसाठी रीआल्म नावाचा प्रकल्प झाला. सुटं ठेवलेलं पुस्तक तीन दिवसांत स्वच्छ; पण एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यात सहाव्या दिवशीही विषाणू सापडला. म्हणजे तुमच्या शाळेची ती बंद पेटी, ज्यात पुस्तकं एकमेकांवर पडणार, ती तिच्याच हिशेबानं उलटी चालतेय. पण 'सापडला' आणि 'लागण झाली' यांत फार अंतर आहे. या ५ एप्रिलला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं लिहिलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी. खरी लागण होते ती एकाच कोंदट हवेत बसून, बोलून, खोकून.

तेव्हा किल्लीताई, मला एवढंच सांगा : खोलीला खिडक्या किती, आणि त्या उघडतात का?

---

ग्वाल्हेरी_लष्कर | २९ जुलै, सायं. ६.२५

आमच्याकडे दहावी-बारावी डिसेंबरात सुरू झाली तेव्हा आमच्या शाळेनं केलेला पराक्रम सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

परत आलेली पुस्तकं आम्ही औषधाच्या ओल्या फडक्यानं पुसली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर टेप लावली आणि तारीख टाकून सात दिवस कपाटाच्या डोक्यावर ठेवली. मोठा अभिमान होता, फोटो काढून ग्रुपवर टाकले. मग दोन दिवस सुट्टी आली, मग ग्रंथपाल स्वतःच आयसोलेट झाले. पिशव्या उघडल्या तीन आठवड्यांनी. ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत, जिथे भिजलेला टॉवेल दुपारपर्यंत वाळतो तिथे, आम्ही प्रत्येक पिशवीत स्वतंत्र बुरशी उगवून दाखवली. कपाटातल्या पुस्तकांना काहीही झालं नाही. जी क्वारंटाइन केली तेवढीच गेली.

---

तिरकस | २९ जुलै, सायं. ६.४०

विज्ञानात याला कंट्रोल ग्रुप म्हणतात, लष्करभाऊ. पेपर लिहा.

---

कपाटाची_किल्ली | ३१ जुलै, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. फवारणी टळली. सगळे दाखले छापून नेले होते, पण आचार्यसाहेबांना पटला तो ग्वाल्हेरचा किस्सा! साफसफाईवाले आले, त्यांनी फरशी, टेबलं, कड्या पुसल्या, कपाटांना हात लावला नाही. सात दिवसांची पेटीही रद्द. परत आलेली पुस्तकं टेबलावर सुटी, उभी, एक रात्र. डॉक्टर म्हणतील तेवढीही गरज नाही, पण पालकांना सांगायला काहीतरी हवं आणि त्यानं पुस्तकाचं बिघडत नाही.

खिडक्या सहा आहेत. उघडत होत्या दोन. चार खिडक्यांसमोर कपाटं लावलेली आहेत, कुणी कधी लावली कोण जाणे, मी रुजू झाले तेव्हापासून तशीच.

उधई नाही, काका. पाहिली.

---

छातीचा_डॉक्टर | ३१ जुलै, रात्री १०.००

कपाटं हलवा. बाकी सगळं नंतर. सहाही खिडक्या उघड्या, आणि एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून. कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम : बाहेर दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो, आत मुलं असताना १००० ओलांडला की समजायचं हवा शिळी झाली. नाही मिळालं तर एक उदबत्ती लावून विझवा आणि वास किती वेळ रेंगाळतो ते बघा.

---

कागदवैद्य | ३१ जुलै, रात्री १०.२०

ग्रंथालयात उदबत्ती! डॉक्टर, तुमच्या ओपीडीत मी वाळवी आणून सोडू का?

आणि सहा खिडक्या उघड्या ठेवल्या तर ऑगस्टात बाहेरची ९० टक्के ओल आत येणार त्याचं काय? मी दोन दिवस ओरडतोय की खोली कोरडी ठेवा.

---

छातीचा_डॉक्टर | ३१ जुलै, रात्री १०.३१

मुलांची फुप्फुसं की तुमचे पुठ्ठे, एवढंच ठरवायचंय.

---

कागदवैद्य | १ ऑगस्ट, सकाळी ८.०५

रात्री रागात उत्तर लिहून खोडलं. सकाळी शांतपणे लिहितो.

भांडण खोटं आहे. बुरशीला ओल लागते, आणि ती ओल स्तब्ध हवेत टिकून राहते. दमट असली तरी वाहत्या हवेत ती सहज धरत नाही. बंद कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात धरते. म्हणून मुलं आत असताना सहाही खिडक्या आणि पंखे. पाऊस तिरपा येत असेल तर त्या बाजूच्या बंद. शाळा सुटल्यावर खिडक्या लावायच्या, पण कपाटांची दारं उघडी ठेवून पंखा अर्धा तास. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे, पुस्तकं कोंबून भरलेली नकोत, खालचा खण सध्या रिकामा. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते तिसऱ्या कपाटात ठेवा आणि रोज आकडा लिहा. आणि मूळ भिंत दुरुस्त करा हो, नाहीतर आपण सगळे इथे पुढच्या जुलैत पुन्हा भेटू.

उदबत्ती कपाटं हलवायच्या दिवशी, पुस्तकं बाहेर असताना, एकदाच. मान्य.

---

दांडियाबाजारी | १ ऑगस्ट, सकाळी ११.४०

कागदवैद्यांचं वाहत्या हवेचं वाचून मांडवीची सेंट्रल लायब्ररी आठवली. आतला तो मजल्यावर मजला असलेला भाग पाहिलाय ने? लोखंडी घोडे, म्हणजे पुस्तकांच्या मांडण्या, दोन्हीकडून मोकळे, आणि पायाखाली काचेची जमीन, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत उतरतो. लहानपणी आम्ही त्या काचेवर पाय टाकायला घाबरायचो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, त्यानं संस्थानाचं ग्रंथालय खातं उभं केलं.

पण सांगायचं होतं ते दुसरंच. त्याच खात्याची फिरती ग्रंथालयं होती. लोक शहरात येऊ शकत नाहीत ना, मग पुस्तकांनी जावं. लाकडी पेट्या भरून खेड्यापाड्यांत पाठवायच्या, वाचून झाल्या की पेटी परत, दुसरी रवाना. तर किल्लीताई, मुलांना तुमच्या खोलीत गर्दी करायला लावण्यापेक्षा पेटीच वर्गात पाठवा ने! वर्ग तसाही निम्मा आणि एकमेकांत मिसळलेला. तेवढ्यांतच पुस्तकं फिरतील. दहा दिवसांनी पेटी पुढच्या वर्गात. खोलीत फक्त ज्याला काही शोधायचंय तो येईल.

आमचा नातू दहावीत आहे, सोळा महिने मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. त्याच्यापुढे पेटी येऊन पडली तर निदान उघडून तरी बघेल.

---

ग्वाल्हेरी_लष्कर | १ ऑगस्ट, दुपारी १.००

काका, +१. ही कल्पना आम्ही ढापतोय. ग्वाल्हेरला सांगताना शिंदे सरकारांची म्हणून सांगू, राग मानू नका.

---

कपाटाची_किल्ली | १४ ऑगस्ट, रात्री १०.५०

दोन आठवडे गायब होते, क्षमस्व. हात काळे होते.

कपाटं हलवली. एका कपाटामागून १९८७ चं शालेय वेळापत्रक निघालं, म्हणजे ती खिडकी निदान तेव्हापासून बंद असावी. उघडली तर बाहेर कडुनिंब. मला माहीतच नव्हतं की माझ्या खोलीला कडुनिंब आहे. उदबत्ती आधी पंचवीस मिनिटं रेंगाळली होती, सहा खिडक्यांनी चार मिनिटांत नाहीशी. हे काही शास्त्र नव्हे, पण आचार्यसाहेब घड्याळ घेऊन उभे होते आणि त्यांना फार मजा आली.

बुरशीची पुस्तकं २१२ निघाली. व्हरांड्यात मी आणि आमचे दोन पट्टेवाले भाई, तिघांनी सहा दिवस झाडली. पद्धत अशी बसली : डाव्या हातात पुस्तक मिटलेलं घट्ट धरायचं, कणा वर, आणि ब्रश कण्यापासून कडेकडे एकाच दिशेनं. मागे-पुढे केलं की भुकटी पानांच्या फटीत जाते, हे पहिली वीस पुस्तकं बिघडवून कळलं. १७३ वाचली. ३० गेली. ९ कागदवैद्यांकडे. वाचलेल्यांत मराठी १४०, तेव्हा पस्तीचा विषय मिटला. भिंतीचं मात्र 'दिवाळीनंतर बघू'.

पेट्यांसाठी सुतार महाग पडत होता. ट्रस्टींच्या यूव्ही पेटीत आता ऑफिसच्या किल्ल्या आणि पेनं शेकतात, ट्रस्टी खूश. त्यांनीच मग मिठाईवाल्यांकडचे प्लास्टिकचे क्रेट मिळवून दिले, जाळीचे, हवा जाते. आठ वर्ग, आठ क्रेट, प्रत्येकी चाळीस पुस्तकं. मॉनिटर वहीत लिहितो. खोलीत एका वेळी दहा जण, पंधरा मिनिटं.

---

नववी_अ_ची_आई | १६ ऑगस्ट, दुपारी ३.२०

सही केली. खोलीत जायचं नाही या अटीवर. क्रेटमधून तिनं एक भुताखेतांचं पुस्तक आणलंय. एक रात्र मी ते गॅलरीत ठेवलं. डॉक्टर हसतील.

---

छातीचा_डॉक्टर | १६ ऑगस्ट, रात्री ९.४५

नाही हसत. पाऊस लागला नाही ना पुस्तकाला?

---

कपाटाची_किल्ली | ४ सप्टेंबर, सायं. ७.३०

एक प्रश्न आहे, नियमाचा.

टाळेबंदीच्या आधी नेलेली ११४ पुस्तकं मुलांकडेच अडकली होती, दंड माफ केल्यावर हळूहळू येताहेत. आज दहावीतल्या एका मुलानं जुनी मराठी कादंबरी आणून दिली. मी सवयीनं मागची तारखेची चिठ्ठी उघडली. शेवटचा शिक्का ६ मार्च २०२०. त्याखाली, आमच्याच रकान्यांत, बॉलपेननं, ऑक्सिमीटरचे आकडे : १७ एप्रिल, स. ६ – ९३. स. १० – ९२. दु. २ – ९१. रा. ८ – ९३. रात्री १ – ९०. चिठ्ठी भरल्यावर मागच्या कोऱ्या पानावर, मग पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. अकरा दिवस. काही आकड्यांखाली दोनदा रेघ ओढलीय. शेवटी ९६, ९६, ९७.

मुलगा म्हणाला, रात्री हाताशी दुसरा कागद नव्हता मॅडम, आजी हेच वाचत होती. पान खराब केल्याचे पैसे घेऊन आला होता, मुठीत पन्नासची नोट.

नियमानं हे 'विद्रूप केलेलं पुस्तक' होतं, बदलून मागायला हवं. चिठ्ठी तरी नवी चिकटवायची का?

---

कागदवैद्य | ४ सप्टेंबर, सायं. ७.४१

हात लावू नका त्या चिठ्ठीला.

---

दांडियाबाजारी | ४ सप्टेंबर, रात्री ८.१०

आजी बऱ्या आहेत ने?

---

कपाटाची_किल्ली | ४ सप्टेंबर, रात्री ८.२६

बऱ्या आहेत. कादंबरीची चाळीस पानं राहिलीत म्हणे, मुलाला पुन्हा न्यायला सांगितलंय. ९७ च्या खाली जागा होती, तिथे आजचा शिक्का मारून दिली. नोट परत केली.

---

कागदवैद्य | ४ सप्टेंबर, रात्री ८.३०

तिसऱ्या कपाटाचा आकडा आठवडाभर टाकला नाहीत.

---

कपाटाची_किल्ली | ४ सप्टेंबर, रात्री ८.३४

आज ७४. पाऊस आहे, कडुनिंबाकडची एक खिडकी लावलीय, पाच उघड्या.